स्टोरीवीव्हर आणि रात्रीची पंधरा मिनिटं : तिसरीतल्या लेकीसाठी सहा महिने वापरून लिहितेय

स्टोरीवीव्हर म्हणजे मुलांच्या चित्रगोष्टींची फुकट वेबसाईट, तिचा हा रिव्ह्यू. हे कुठून सुरू झालं ते आधी सांगते, म्हणजे रिव्ह्यू नीट कळेल. माझी लेक तिसरीत आहे, मराठी माध्यम. वाचन एकदम फाडफाड, जोडाक्षरं येतात, रफार येतो, शाळेत बाई कौतुक करतात, त्यामुळे आम्ही निवांत होतो. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मी तिला उतारा वाचनाचं एक वर्कबुक आणलं, १८० रुपयांचं, रोज एक उतारा आणि खाली पाच प्रश्न. एका उताऱ्यात होतं की घरी पाहुणे आले, साखर संपली होती म्हणून आईने शेजारच्या काकूंकडून उसनी साखर आणली आणि चहा केला. प्रश्न होता, आईने कोणती साखर आणली? लेकीने लिहिलं, उसनी साखर. पुस्तकात मागे दिलेल्या उत्तरांतही तेच होतं. पाचपैकी पाच. मी सहज विचारलं, उसनी म्हणजे काय गं? तर म्हणाली, "साखरेचं नाव आहे ना आई, खडीसाखर असते, पिठीसाखर असते, तशी उसनी साखर."

मला काय बोलावं तेच सुचेना. तिचं डोकं बरोबरच चाललं होतं, खडीसाखर पिठीसाखर असेल तर उसनी साखर का नसेल. पण त्या उताऱ्यात जे काही घडत होतं, म्हणजे पाहुणे दारात, डबा रिकामा, शेजारीण वेळेला धावून आली, ते सगळं तिच्या डोक्यावरून गेलं होतं आणि तरी वहीत पाच मार्क होते. मी विचारलं, मग काकूंना ती साखर परत द्यायला लागेल का? "का? त्यांनी दिली ना." आमच्या बिल्डिंगमध्ये साखर संपली की दहा मिनिटांत मोबाईलवरून येते, तिने उसनं आणणं कधी बघितलेलंच नाही, तर तिला कळणार कुठून.

रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, अगं मार्क पडतायत ना, शब्द येतील हळूहळू. मग मी एका कागदावर लिहिलं, "झिपरू टोळंब्यावर बसून मळगी खात होता. तेवढ्यात भिंगोटी आली. झिपरूने मळगी लपवली." आणि दोघांनाही प्रश्न विचारले. झिपरू कुठे बसला होता? टोळंब्यावर. काय खात होता? मळगी. कोण आलं? भिंगोटी. दोघांनाही तीनपैकी तीन. मग विचारलं, टोळंबा म्हणजे काय? मळगी कशाची करतात? तेव्हा नवऱ्याच्या लक्षात आलं मी काय म्हणतेय ते. पण खरी गंमत पुढेच झाली. मी विचारलं, झिपरूने मळगी का लपवली असेल? लेक लगेच म्हणाली, "भिंगोटी मागेल म्हणून. तिला नेहमी दुसऱ्याचं हवं असतं." शब्द एकही खरा नाही, तरी "का" म्हटल्याबरोबर तिने सगळा प्रसंग डोळ्यासमोर उभा केला. म्हणजे पोरीत कमी काही नव्हतं, आम्ही तिला विचारतच होतो चुकीचं. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या शेजारचा शब्द उचलून लिहायचा, एवढंच तिला आकलन म्हणून शिकवलं जात होतं.

वर्कबुकचं नाव घेत नाही, कारण मी दुकानात अजून तीन चाळून बघितली आणि सगळी त्याच साच्यातली निघाली. आठ ओळींचा उतारा, सुरुवात नाही शेवट नाही, पुढे काय झालं हे जाणून घ्यावंसं वाटेल असं काहीच नाही, विषय एकतर वक्तशीरपणा नाहीतर झाडांचे उपयोग. "उताऱ्याला योग्य शीर्षक द्या" याला उत्तर एकच. लेकीने एकदा त्यांच्यापेक्षा छान शीर्षक दिलं होतं, पण मागे छापलेलं वेगळं आहे म्हटल्यावर तिने स्वतःचं खोडरबरने खोडलं. ते बघून मी ते पुस्तक बंदच केलं.

मग आठवलं स्टोरीवीव्हर. कोविडच्या वेळी शाळा बंद होत्या तेव्हा महाराष्ट्रात "गोष्टींचा शनिवार" म्हणून उपक्रम चालू झाला होता, २०२० मध्ये, शिक्षण विभाग, युनिसेफ आणि प्रथम बुक्स यांचा मिळून. माझ्या भाचीच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शनिवारी गोष्ट यायची आणि ती आठवडाभर तीच तीच वाचत बसायची. स्टोरीवीव्हर ही प्रथम बुक्सचीच वेबसाईट. प्रथम बुक्स ही बंगळुरूची ना-नफा प्रकाशन संस्था, २००४ पासून मुलांची स्वस्त पुस्तकं काढतात, आणि २०१५ मध्ये त्यांनी ही साईट सुरू केली. तीनशेच्या वर भाषांमधल्या चित्रगोष्टी आहेत, मराठीतही भरपूर आहेत आणि सगळं फुकट. फुकट म्हणजे सात दिवस ट्रायल आणि मग कार्ड नंबर द्या असलं फुकट नाही, खरंच फुकट. गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत म्हणजे प्रिंट काढा, वाटा, भाषांतर करा, बदल करा, फक्त मूळ लेखक चित्रकारांची नावं ठेवा. वाचायला लॉगिनसुद्धा लागत नाही.

वापरायचं कसं तर, भाषा मराठी निवडायची आणि मग लेव्हल. चार लेव्हल आहेत. पहिलीत अडीचशे शब्दांच्या आतल्या गोष्टी, तेच तेच शब्द परत येतात, नुकतं वाचायला लागलेल्या पोरांसाठी. दुसरी सहाशे शब्दांपर्यंत, तिसरी दीड हजारापर्यंत, चौथी त्याच्याही पुढे. इथे माझी पहिली चूक झाली ती सांगते म्हणजे तुमची होणार नाही. लेक फाडफाड वाचते म्हणून मी सरळ तिसऱ्या लेव्हलला गेले. तिने वाचलं पण सगळं, न अडखळता. गोष्ट सांग म्हटल्यावर पहिलं पान सांगितलं, शेवटचं पान सांगितलं, मधलं सगळं गायब. मग दुसऱ्या लेव्हलला खाली आलो आणि तिथेच अडीच महिने राहिलो. मोठ्याने वाचता येण्याची लेव्हल वेगळी आणि समजण्याची लेव्हल वेगळी, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. समजण्याची जी असेल ती धरा. खाली यायला कमीपणा वाटतो आपल्यालाच, पोरांना काही नाही, त्यांना सोपी गोष्ट आवडतेच.

आमची वेळ रात्री जेवणं झाल्यावर, पंधरा मिनिटं, भांडी राहिली तरी चालतील. टॅबवर वाचतो कधी, पण जास्त करून प्रिंट काढते. पीडीएफ डाउनलोड करायची, झेरॉक्सवाल्याकडे काळीपांढरी प्रिंट, मधे स्टेपल मारलं की झालं छोटं पुस्तक. प्रिंटचा फायदा असा की लेक त्यावर पेन्सिलने खुणा करते, न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारते, चित्र रंगवते, आणि मोबाईल हातात असला की दर दोन मिनिटांनी वर काहीतरी टिंग वाजतं ते वाजत नाही.

आधी नुसती चित्रं बघतो, काय चाललं असेल ते ती सांगते. मग ती वाचते, मी मधे तोंड घालत नाही. हे मला फार जड गेलं सुरुवातीला, "दीर्घ आहे ते" असं लगेच तोंडात यायचं. पण प्रत्येक शब्दाला टोकलं की तिचं लक्ष गोष्टीवरून उडून माझ्या चेहऱ्यावर यायचं, मी रागावले की काय ते बघायला. आता अर्थ बदलत असेल तरच थांबवते. एखाद्या पानाच्या शेवटी, जिथे काहीतरी होणार असं वाटतंय, तिथे पान उलटायच्या आधी विचारते, आता काय होईल? आणि तुला असं का वाटलं? बरोबर चूक काही नाही, फक्त का ते सांगायचं. चित्रात ढग काळे दाखवलेत म्हणून पाऊस येईल असं ती म्हणाली तरी मला पुरे.

सगळ्यात जास्त गोंधळ कुठे होतो माहितीये? तो, ती, ते, त्याने, त्याला यांच्यात. आपल्याला वाटतं यात काय अवघड आहे. पण हे वाक्य बघा, "मांजराने पिल्लाला उचलून कपाटावर ठेवलं. ते खाली बघून घाबरलं." कोण घाबरलं? मराठीत मांजर पण ते आणि पिल्लू पण ते. लेक म्हणाली मांजर. का? तर पहिलं नाव मांजराचं होतं. मग मी दोन उश्या घेतल्या, मोठी उशी मांजर, छोटी उशी पिल्लू, छोटी उशी खरंच कपाटावर ठेवली, म्हटलं आता सांग खाली बघून कोणाला भीती वाटेल? लगेच उत्तर आलं, आणि वर हेही की "मांजर उडी मारू शकतं, पिल्लाला येत नसेल म्हणून." तेव्हापासून आमच्याकडे "ते म्हणजे कोण?" हा खेळच झालाय. गोष्टीत असा शब्द आला की बोट ठेवायचं आणि ज्याच्याबद्दल आहे त्याच्या चित्रावर दुसरं बोट. दोन मिनिटांचा खेळ आहे पण याने जेवढा फरक पडला तेवढा कशानेच नाही पडला.

आणि गोष्ट संपल्यावर प्रश्न विचारायचे नाहीत, मी तरी नाही विचारत. माझी आई वाईला असते, तिला फोन लावायचा आणि लेकीने आजीला गोष्ट सांगायची. मी पुस्तक वाचलेलं असतं हे लेकीला माहीत असतं ना, मग मी प्रश्न विचारले की ती परीक्षा होते. आजीला खरंच माहीत नसतं. "अगं पण तो मुलगा नदीवर गेलाच का एकटा?" असं आजी विचारते कारण तिला काळजी वाटते, आणि लेक थबकते, पुस्तक परत उघडते, शोधते, "थांब हं आजी, इथे लिहिलंय." ते परत उघडणं मला फार महत्त्वाचं वाटतं. वर्कबुकमध्येही ती उतारा परत बघायची, पण शब्द शोधायला. इथे कारण शोधायला बघते. आजीला ऐकायला कमी येतं म्हणून लेकीला साध्या शब्दांत, सुटं सुटं, क्रमाने सांगावं लागतं, तीही एक शिकवणीच. ज्यांच्याकडे आजी जवळ नाही त्यांनी मावशी, काका, शेजारच्या काकू, कोणीही चालेल, फक्त त्या माणसाने गोष्ट वाचलेली नसावी.

फोन नसेल त्या दिवशी मी गोष्ट मुद्दाम चुकीची सांगते. हत्ती रागावून निघून गेला म्हणते, तो खरं तर लाजून गेलेला असतो. लेक उसळून उठते, "नाही नाही, लाजला तो, कान खाली केलेत बघ चित्रात!" हेच मी प्रश्न म्हणून विचारलं असतं, हत्तीच्या भावना स्पष्ट करा, तर पेन्सिल तोंडात घालून बसली असती.

आता साईटबद्दल काही गोष्टी सांगायलाच हव्यात. इथे कोणीही गोष्ट लिहू शकतं आणि भाषांतर करू शकतं, हीच तिची ताकद आहे आणि त्याचमुळे मराठी सगळीकडे एकसारखी नाही. काही गोष्टींची मराठी इतकी छान की मोठ्याने वाचताना आपल्यालाच मजा येते, काहींत वाक्य दुसऱ्या भाषेतून आलंय हे कळतं. म्हणून आधी आपण दोन मिनिटं वाचून बघायचं, तोंडाला गोड लागली तरच पोरांसमोर ठेवायची. लेव्हलचंही तसंच, लेव्हल बघाच पण जोडाक्षरं आपण एकदा चाळून घ्या, नुकतं शिकलेल्या मुलाला पहिल्याच पानावर दोन अवघड शब्द आले की ते बुजतं. आणि ज्यांना तयार प्रश्नपत्रिका हव्यात त्यांची निराशा होईल, बहुतेक गोष्टींच्या मागे प्रश्न वगैरे नाहीत. मला तर तोच मोठा फायदा वाटला, पण प्रत्येकाकडे रोज डोकं चालवायला वेळ असतो असं नाही हे मी समजू शकते. अशांनी फक्त तीन गोष्टी विचाराव्यात, का झालं, तुला कसं कळलं, तू असतीस तर काय केलं असतंस. महिनाभर पुरतील.

सेमी इंग्रजीवाल्यांसाठी एक सांगते. एकच गोष्ट बऱ्याच भाषांत असते, तर आधी मराठीत वाचून घ्या आणि चार दिवसांनी तीच इंग्रजीत. अर्थ आधीच माहीत असतो त्यामुळे पोरगं इंग्रजी शब्दाला घाबरत नाही. माझी जाऊ अमेरिकेत असते, तिचं उलटं चालतं, मुलाला इंग्रजी येतं म्हणून आधी ते आणि मग मराठी, आणि तो सुट्टीत आला की आजोबांशी मराठीत त्याच गोष्टींबद्दल बोलतो.

गुगलचं रीड अलाँग पण आम्ही काही दिवस वापरलं होतं, २०१९ मध्ये बोलो नावाने आलेलं ते. त्यात दिया नावाची मुलगी असते, मूल मोठ्याने वाचतं आणि ती ऐकते, अडलं तर मदत करते, मराठीतही आहे. मूल अजून अडखळत वाचत असेल तर ते चांगलंच आहे, न लाजता सराव होतो. पण ते वाचायला शिकण्यासाठी. वाचता येतं पण कळत नाही, ही अडचण असेल तर समोर बोलणारं माणूसच लागतं.

आणि किशोर. बालभारतीचं मासिक, १९७१ पासून चालू आहे, आपल्यातल्या कितीतरी जणांनी लहानपणी वाचलेलं असेल. जुने अंक बालभारतीने ऑनलाईन फुकट ठेवलेत. तिसरीच्या मुलाला सगळं झेपणार नाही, पण आपण वाचून दाखवायला अप्रतिम आहे, आणि वाचून दाखवणं हेही आकलनच आहे बरं का. स्वतः वाचताना डोकं अक्षरांत अडकतं, ऐकताना सगळं डोकं गोष्टीला मिळतं. उसनी, ओसरी, पाणवठा, सुगी असे शब्द आता घरात कानावर पडत नाहीत, ते तिथे भेटतात. आठवड्यातून दोन दिवस मी वाचते आणि ती पांघरुणात ऐकते.

हे सगळं फक्त माझ्याच घरात आहे असंही नाही. प्रथम ही संस्था २००५ पासून असर नावाची पाहणी करते, गावोगाव घरी जाऊन मुलांना साधा मजकूर वाचायला देतात. २०२४ च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं साधारण २७ टक्के आहेत. आणि हे नुसतं वाचण्याचं आहे, कळण्याचं तर पुढचं. आमची वाचते म्हणून आम्ही खूश होतो आणि तिथेच थांबलो होतो, याचं मला फार वाईट वाटलं तेव्हा.

सहा महिन्यांत काय फरक पडला तर परीक्षेच्या मार्कांत काही नाही, ते आधीही होते आताही आहेत. फरक असा की मागच्या आठवड्यात वाचता वाचता ती स्वतःहून थांबली. "आजोबा ओसरीवर बसले होते" असं होतं. म्हणाली, "आई, ओसरी म्हणजे खुर्चीसारखं काही की जागा?" जूनमध्ये ती सरळ पुढे गेली असती आणि आजोबा कुठे बसले होते याचं उत्तर ओसरीवर असं लिहून मोकळी झाली असती. मी वाईच्या घराचा फोटो दाखवला, पायऱ्या चढल्यावर जिथे आजोबांची चप्पल असायची ना ती ओसरी. "अच्छा! म्हणजे मी बसलेय ओसरीवर!"

स्टोरीवीव्हरवर स्वतःची गोष्ट पण करता येते. अकाउंट काढायचं, त्यांच्याकडे चित्रांचा मोठा साठा आहे त्यातून चित्रं निवडायची आणि खाली आपलं लिहायचं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघींनी एक केली, नाव तिने ठेवलं, उसनी साखर. एक मुलगी शेजारी वाटी घेऊन साखर मागायला जाते, परत करायला विसरते, आणि मग शेजारच्या काकूंकडेच पाहुणे येतात. एका पानावर मी लिहिलं होतं "मुलीला वाईट वाटले", तर लेकीने ते काढायला लावलं. म्हणाली, "ते लिहायचं नाही आई, ती रिकामी वाटी लपवते असं लिही, वाचणाऱ्याला कळेल." शेवटी काय होतं ते सांगत नाही, आजीने सलग तीनदा ऐकलीये.

अजून ती ड्राफ्टमध्येच आहे, एका पानाला चित्र मनासारखं मिळत नाहीये. वर्गातल्या मैत्रिणीसाठी एक जास्तीची प्रिंट काढायची आहे उद्या, आणि ती मात्र रंगीत पाहिजे अशी ताकीद आहे.